मूट कोर्ट: सीसीटीव्हीच्या पुराव्यावर ढीगभर निकाल सापडले, धरायचा कोणता आणि लिहायचं कसं?

निफाडकर_एलएलबी

नमस्कार. नाशिकला एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मूट कोर्टसाठी (विद्यार्थ्यांची सराव-न्यायालयाची स्पर्धा) आमच्या गटाला दिलेली समस्या थोडक्यात अशी:

२८ जून २०२४ च्या रात्री मेन रोडवरच्या एका कापड दुकानाचं कुलूप तोडून रोकड चोरीला जाते. दुकानदार परगावी असल्याने फिर्याद ३ जुलै २०२४ ला नोंदली जाते. दुकानातल्या डीव्हीआरमधलं (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रातलं) चित्रण दुकानदार स्वतः पेन ड्राइव्हवर उतरवून पोलिसांना देतो. सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी कायद्याने लागणारं प्रमाणपत्र नाही. खटला नाशिकच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालू आहे, दुकानदाराची साक्ष झाली आहे, सरकार पक्षाचे साक्षीदार अजून संपलेले नाहीत. आरोपीच्या वकिलांनी पेन ड्राइव्हला हरकत घेतली आहे. आम्ही सरकार पक्षाकडून.

इंडियन कानून या निकालांच्या संकेतस्थळावर शोधलं तर निकालांचा ढीग निघाला. काही म्हणतात प्रमाणपत्र हवंच, काही म्हणतात नसलं तरी चालतं. दोन्हीकडे सर्वोच्च न्यायालय आहे. यातला कोणता धरायचा हे कशावरून ठरवायचं? औरंगाबाद खंडपीठाचा निकाल नाशिकला चालतो का? आणि मेमोरियल (लेखी युक्तिवाद) लिहिताना प्रत्येक निकालाचा उतारा द्यायचा की नुसतं नाव?

---

जुना_सीबीएस

निकालांचा ढीग आधी बाजूला ठेवा. तुम्ही शोध शेवटाकडून सुरू केलाय. समस्येत दोन तारखा दिल्यात त्या उगाच नाहीत, खरा सापळा तिथेच आहे. तारखांवरून कायदा ठरतो, आणि कायदा ठरल्याशिवाय निकाल शोधण्यात अर्थ नाही.

नवे तिन्ही फौजदारी कायदे (गुन्ह्यांसाठी न्याय संहिता, कार्यपद्धतीसाठी नागरिक सुरक्षा संहिता, पुराव्यासाठी साक्ष्य अधिनियम) १ जुलै २०२४ पासून लागू झाले. आता तीन प्रश्न वेगवेगळे विचारा.

गुन्हा कोणत्या कायद्याखाली? चोरी २८ जूनची, म्हणून भारतीय दंड संहिता: कलम ३८०, आणि रात्री कुलूप तोडलं म्हणून ४५७. न्याय संहितेचं कलम ३५८ जुन्या गुन्ह्यांची जबाबदारी शाबूत ठेवतं, आणि संविधानाचा अनुच्छेद २०(१) सांगतो की कृत्य घडलं तेव्हा जो कायदा अमलात होता त्याखालीच दोषी ठरवता येतं.

कार्यपद्धती कोणती? नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५३१ वाचा. १ जुलैच्या लगेच आधी जो तपास, चौकशी किंवा खटला प्रलंबित होता तो जुन्या संहितेप्रमाणे चालतो. इथे फिर्यादच ३ जुलैची, त्यामुळे त्याआधी प्रलंबित काही नव्हतं. म्हणून नवी संहिता.

पुराव्याचा कायदा कोणता? साक्ष्य अधिनियमाच्या कलम १७०(२) ची रचना तशीच आहे. म्हणून इथेही नवा कायदा. म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी तुमचं कलम जुन्या पुरावा कायद्याचं ६५ब नाही, साक्ष्य अधिनियमाचं ६३ आहे. मेमोरियलमध्ये ‘६५ब(४) प्रमाणे’ असं लिहून गेलात तर न्यायाधीश पहिला प्रश्न तोच विचारतील.

मग कायद्याचा मूळ मजकूर घ्या, इंडिया कोडच्या संकेतस्थळावरून. गाइडमधलं कलम नको. कलम ५७ (स्पष्टीकरणांसकट), ६१, ६२, ६३ आणि शेवटची अनुसूची हे सगळं एका बैठकीत, एकमेकांशेजारी ठेवून वाचा. विद्यार्थी स्पष्टीकरणं आणि अनुसूची सोडून देतात आणि नेमकं तिथेच बरंच काही असतं. अनुसूचीत प्रमाणपत्राचा नमुना आहे: भाग अ पक्षकाराने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि दोन्हींत हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडे-अक्षरांचा संकेत) लिहायची. जुन्या ६५ब मध्ये तज्ज्ञाची सही नव्हती. एवढा एक फरक टिपला तरी तुमचा गट पुढे जाईल.

---

प्रमाण_आणि_प्रमेय

वरच्या उत्तरात कायदा ठरला. आता निकालांकडे.

‘दोन्हीकडे सर्वोच्च न्यायालय आहे’ यात गोंधळण्यासारखं काही नाही. प्रत्येक निकालापुढे तीनच गोष्टी लिहा: तारीख, किती न्यायाधीशांचं पीठ, आणि आधीच्या कोणत्या निकालाचा त्यात विचार झाला. तुमच्या विषयावर हे करून दाखवतो, कारण ही साखळी शिकायला उत्तम आहे.

२००५, नवज्योत संधू, दोन न्यायाधीश: ६५ब चं प्रमाणपत्र नसलं तरी दुय्यम पुराव्याच्या (मूळ नव्हे, प्रतीच्या) इतर कलमांखाली इलेक्ट्रॉनिक नोंद देता येते.

२०१४, अन्वर विरुद्ध बशीर, तीन न्यायाधीश: ६५ब ही स्वयंपूर्ण तरतूद आहे, प्रमाणपत्र लागतंच. नवज्योत संधूमधला तो भाग रद्द ठरवला.

२०१५, टोमासो ब्रुनो, तीन न्यायाधीश: पुन्हा जुन्या वाटेने गेले, पण अन्वरचा उल्लेखच नाही.

२०१८, शफी मोहम्मद, दोन न्यायाधीश: ज्याच्या ताब्यात उपकरण नाही त्याच्याकडून प्रमाणपत्राची सक्ती नको.

२०२०, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल, (२०२०) ७ एससीसी १ (एससीसी हा निकालसंग्रह), तीन न्यायाधीश: अन्वर बरोबर. शफी मोहम्मद रद्द. टोमासो ब्रुनो पर इन्क्युरियम, म्हणजे बंधनकारक निकाल लक्षात न घेता दिलेला.

आता बघा, २०१८ चा निकाल २०१४ पेक्षा नवा होता, तरी दोन न्यायाधीशांचं पीठ तिघांच्या पीठाला बाजूला सारू शकत नाही. ‘सर्वांत नवा तो खरा’ हा नियम नाही. आधी पीठाचा आकार, मग तारीख. आणि टोमासो ब्रुनो तीन न्यायाधीशांचा असूनही त्या मुद्द्यावर पडला, कारण अन्वर विचारात घेतला गेला नव्हता. ‘सीसीटीव्ही’ हा शब्द टाकला की वाराणसीच्या हॉटेलचा तो निकाल वर येतो आणि दर वर्षी मेमोरियलमध्ये बिनदिक्कत वापरला जातो. त्यात हाताशी असलेलं चित्रण सादरच न केल्याबद्दल प्रतिकूल अनुमान (त्या पक्षाविरुद्ध निष्कर्ष) काढण्याचा वेगळा मुद्दाही आहे. त्याची ६५ब शी गल्लत करू नका.

औरंगाबादबद्दल: मुंबई उच्च न्यायालय एकच आहे. मुंबईचं मुख्य पीठ, नागपूर, औरंगाबाद, गोवा, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच ही त्याचीच पीठं. नाशिकचं अपील मुंबईला जातं, जळगाव-धुळ्याचं औरंगाबादला, ही कामाची वाटणी झाली. निकालाचं बंधन मात्र सगळ्यांचं सारखं. औरंगाबादच्या खंडपीठाचा निकाल नाशिकच्या न्यायदंडाधिकाऱ्यांवर तितकाच बंधनकारक आहे. दिल्ली किंवा केरळ उच्च न्यायालयाचा फक्त मार्गदर्शक: पटला तर घेतील.

---

निफाडकर_एलएलबी

खूप आभार सर. अन्वर आणि खोतकर आमच्या यादीत होते, पण त्यांचा संबंध आम्ही लावला नव्हता. दोन शंका. ही साखळी स्वतः शोधायची असेल तर कशी शोधायची? आणि खोतकर तर आमच्या विरुद्ध जातो, मग तो आम्ही द्यायचाच कशाला?

---

तळटीप

शोधण्याबद्दल मी सांगते.

साध्या वाक्यात प्रश्न टाइप केला की ढीगच मिळणार. शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाका, म्हणजे ते शब्द सलग असलेलेच निकाल येतील. इंडियन कानूनवर दोन्ही शब्द हवेच असतील तर मध्ये ‘अँड’ मोठ्या इंग्रजी अक्षरांत आणि शेवटी दोन ‘डी’ लावून लिहायचं, ‘ऑर’ ला दोन ‘आर’, ‘नॉट’ ला दोन ‘टी’. ‘डॉकटाइप्स’ लिहून विसर्गचिन्ह (कोलन) आणि पुढे सुप्रीमकोर्ट किंवा बॉम्बे टाकलं की न्यायालय ठरतं. ‘फ्रॉमडेट’ ने तारीख बांधता येते. तुमच्यासाठी पहिला शोध फक्त सर्वोच्च न्यायालयाचा, दुसरा फक्त मुंबईचा, १ जुलै २०२४ नंतरचा आणि ‘कलम ६३’ व ‘साक्ष्य अधिनियम’ या शब्दांवर. जुन्या कलमाचा शोध वेगळा, नव्याचा वेगळा. एकत्र केलेत की पुन्हा गुंता.

एक चांगला, अलीकडचा, मोठ्या पीठाचा निकाल मिळाला की तिथून दोन दिशांना जायचं. मागे: त्या निकालात कोणत्या निकालांची चर्चा आहे. पुढे: त्या निकालाचा उल्लेख नंतर कोणी केला. पुढची दिशा विद्यार्थी हमखास सोडतात. निकाल आज जिवंत आहे की नाही हे फक्त तिथेच कळतं. दोन उदाहरणं देते. एशियन रिसर्फेसिंगच्या २०१८ च्या निकालावर विसंबून ‘स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप उठते’ असं कित्येक टिपणांत अजून लिहिलेलं आहे. पाच न्यायाधीशांच्या पीठाने २९ फेब्रुवारी २०२४ ला तो भाग रद्द केला. विशिष्ट पूर्ततेवरचा (करार पाळायला लावण्याच्या दाव्यावरचा) कट्टा सुजाता रेड्डीचा ऑगस्ट २०२२ चा निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये पुनर्विलोकनात परत घेतला गेला. दोन्ही जुने निकाल संकेतस्थळांवर आजही जसेच्या तसे दिसतात, त्यांच्यावर लाल शिक्का मारलेला नसतो. एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्रावर अशी खूण दिसते, पण वर्गणी नसेल तर महाविद्यालयाच्या किंवा बारच्या ग्रंथालयातल्या संगणकावर एकदा शेवटची तपासणी करून घ्या. अंतिम मजकूर सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर या अधिकृत निकालसंग्रहावरून घ्या, मोफत आहे. उच्च न्यायालयाचे निकाल ई-कोर्ट्सच्या निकाल पोर्टलवर मिळतात.

शोधाची वही ठेवा. सहा रकाने पुरतात: निकालाचं नाव आणि संदर्भ, तारीख व पीठ, कामाचा परिच्छेद क्रमांक, त्या परिच्छेदात ठरलं काय (तुमच्या शब्दांत, एका वाक्यात), तथ्यं आपल्याशी कुठे जुळतात व कुठे नाही, आज स्थिती काय. पाचवा रकाना रिकामा राहिला तर तो निकाल तुम्ही वाचलेला नाही, शीर्षटीप (निकालाच्या वर छापलेला सारांश) वाचली आहे.

थांबायचं कधी? वेगवेगळ्या शब्दांनी शोधूनही तेच चार-पाच निकाल समोर येऊ लागले की थांबा.

आणि परिच्छेद उचलण्याआधी तो कोणाच्या तोंडचा आहे ते बघा. आपल्याकडच्या निकालांत दोन्ही बाजूंचे युक्तिवाद कित्येक पानं नोंदलेले असतात. ‘विद्वान वकिलांनी असं मांडलं’ हे दहा ओळी वर असतं आणि खालचं ठसठशीत वाक्य न्यायालयाचं म्हणून उचललं जातं. समोरच्या गटाने मूळ निकाल उघडला की तो मुद्दा तिथेच संपतो. भिन्नमताच्या (पीठातल्या अल्पमतातल्या न्यायाधीशाच्या) निकालाचंही तसंच.

---

प्रमाण_आणि_प्रमेय

‘विरुद्ध जातो मग का द्यायचा’ याचं उत्तर देतो, कारण कायद्याचा तर्क इथेच सुरू होतो.

पहिलं, बंधनकारक निकाल लपवता येत नाही. समोरचे तो पहिल्या मिनिटात देतील आणि मग तुमच्या बाकीच्या मुद्द्यांवरचाही विश्वास जाईल. दुसरं, खोतकर तुमच्या जितका विरुद्ध आहे तितकाच कामाचा आहे. नीट वाचा.

त्या निकालात प्रमाणपत्र अनिवार्य आहे, हा एक भाग. पण त्याच निकालात आणखी तीन गोष्टी आहेत. मूळ उपकरणच न्यायालयात आणलं आणि त्याच्या मालकाने साक्षीत येऊन ते आपलं असल्याचं सांगितलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही. मागूनही प्रमाणपत्र मिळत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येतं. आणि खटला संपलेला नसेल तर न्यायालय योग्य प्रकरणात प्रमाणपत्र नंतरही दाखल करू देऊ शकतं, आरोपीवर अन्याय होत नाही ना हे बघून.

आता यातली कोणती सवलत तुमची? इथे निर्णायक तथ्यं जुळवून पाहावी लागतात. खोतकर हे जालन्याचं निवडणूक प्रकरण होतं, त्यात चित्रण निवडणूक अधिकाऱ्यांच्या ताब्यात होतं. अर्जदारांनी वारंवार मागूनही प्रमाणपत्र मिळालं नाही. अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करत नाही, हे तत्त्व तिथे लागू पडलं. तुमच्या समस्येत डीव्हीआर दुकानदाराचाच आहे आणि तो सरकार पक्षाचाच साक्षीदार आहे. प्रमाणपत्र हाताच्या अंतरावर होतं. म्हणून ‘अशक्यते’चा आधार घेऊ नका, दोन प्रश्नांत कोसळेल. तुमचा खरा आधार तिसरा: खटला अपूर्ण आहे, दोष दुरुस्त होण्यासारखा आहे. आणि पर्याय म्हणून पहिला: मूळ डीव्हीआर सादर करण्याची परवानगी. पण डीव्हीआर जप्त झाला का, त्यात ते चित्रण अजून आहे का, हे समस्येत नसेल तर मनाने घालू नका. डीव्हीआरची जागा भरली की जुन्यावर नवं चित्रण चढतं. न्यायाधीश नेमकं तेच विचारू शकतात.

यापुढचा टप्पा गुणांचा आहे. खोतकर ६५ब(४) वर आहे, तुमचं कलम ६३(४). तो निकाल नव्या कलमाला लावता येतो का? ‘दोन्ही कलमं सारखीच’ असं एका ओळीत लिहू नका. दोन्हींचे शब्द शेजारी ठेवा. नव्या कलमात अशी भर आहे की नोंद पुराव्यात घेण्यासाठी जेव्हा जेव्हा सादर होईल तेव्हा तेव्हा प्रमाणपत्र तिच्यासोबत दिलं पाहिजे. बचाव पक्ष म्हणेल, ‘सोबत’ आणि ‘प्रत्येक वेळी’ हे शब्द आल्यावर नंतर देण्याची मुभा संपली. तुम्ही म्हणा: ‘जेव्हा सादर होईल तेव्हा’ यातच पुन्हा सादर करण्याची शक्यता गृहीत आहे. प्रमाणपत्रासह नोंद पुन्हा सादर झाली की त्या वेळची अट पूर्ण होते. शिवाय ही भर नोंदीची विश्वासार्हता राखण्यासाठी आहे, हॅश व्हॅल्यू नोंदली की तो हेतू साधतो. दोन्ही बाजू उभ्या राहू शकतात. म्हणूनच हा मुद्दा मूटला दिलाय.

कलम ५७ ची नवी स्पष्टीकरणंही वाचाच. योग्य ताब्यातून सादर झालेली इलेक्ट्रॉनिक नोंद वादग्रस्त नसेल तर प्राथमिक पुरावा, असं एक आहे. तुमच्याकडे हरकत आलेली आहे, त्यामुळे ते कितपत टिकेल हे तुम्हीच तपासा. माझ्या मते पर्यायी मुद्दा म्हणून चार ओळी पुरेत.

---

जुना_सीबीएस

लिखाणाचं मी सांगतो, थोडक्यात.

प्रत्येक मुद्द्याला चार पायऱ्या: प्रश्न, नियम, नियम या तथ्यांना कसा लागतो, निष्कर्ष. सगळे नियमावर तीन पानं घालतात आणि तिसरी पायरी दोन ओळींत उरकतात. उलटं करा. नियम पाव पान, लागू करणं एक पान.

उतारे: सलग चार ओळींपेक्षा मोठा उतारा कोणी वाचत नाही. नियम तुमच्या शब्दांत सांगा, ज्या शब्दांवर वाद आहे तेवढेच अवतरणांत, आणि परिच्छेद क्रमांक द्या. नुसता ‘(२०२०) ७ एससीसी १’ दिला तर न्यायाधीशांनी एवढा लांब निकाल चाळायचा का? उतारा इंग्रजी मूळ निकालातूनच. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरचे मराठी अनुवाद समजून घ्यायला चांगले आहेत, पण आधार द्यायचा तो मूळ मजकुराचा.

मथळा ‘प्रमाणपत्राबाबत’ असा नको. मथळा म्हणजे तुमचं म्हणणं: ‘खटला पूर्ण झालेला नसल्याने प्रमाणपत्र दाखल करण्यास परवानगी देता येते.’ फक्त मथळे वाचून संपूर्ण युक्तिवाद कळला पाहिजे.

एआयला विचारून मिळालेला एकही संदर्भ मूळ निकाल उघडून बघितल्याशिवाय घालू नका. नाव खरं वाटतं, संदर्भ क्रमांक खरा वाटतो आणि असा निकालच नसतो. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने माता विरुद्ध एव्हिआन्का प्रकरणात जून २०२३ मध्ये याच कारणासाठी वकिलांना ५,००० डॉलर दंड केला.

---

निफाडकर_एलएलबी

गटात बसून प्रश्न आणि विनंती लिहिली. बघून सांगाल का?

प्रश्न: ‘सीसीटीव्ही चित्रण पुराव्यात ग्राह्य आहे का?’
विनंती: ‘सबब, न्यायाच्या हितासाठी योग्य तो हुकूम व्हावा.’

---

प्रमाण_आणि_प्रमेय

प्रश्न कोणत्याही खटल्याला लागू पडेल इतका मोघम आहे. त्यात कायदा, वादाची जागा आणि निर्णायक तथ्यं तिन्ही आली पाहिजेत. असं करून बघा:

‘डीव्हीआरच्या मालकाची साक्ष झाली आहे व सरकार पक्षाचा पुरावा संपलेला नाही, अशा टप्प्यावर, आरंभी प्रमाणपत्राविना सादर झालेल्या पेन ड्राइव्हसाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) खालील प्रमाणपत्र दाखल करण्यास परवानगी देता येते का?’

प्रश्नातच उत्तराचा कल दिसतो, पण तथ्य एकही वाकवलेलं नाही.

---

जुना_सीबीएस

विनंतीत नेमकं मागा, ‘योग्य तो हुकूम’ शेवटी आपोआप येतोच. तुमच्या मागण्या या क्रमाने: (१) कलम ६३(४) व अनुसूचीतील भाग अ आणि ब प्रमाणे प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसह दाखल करण्यास परवानगी, (२) नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४८ (जुनं ३११) खाली दुकानदाराला फेरसाक्षीसाठी बोलावणे, (३) आरोपीस प्रमाणपत्राची प्रत आणि उलटतपासणीची पूर्ण संधी, (४) पर्यायाने, मूळ डीव्हीआर सादर करण्यास परवानगी.

तिसरी मागणी स्वतःहून लिहा. आरोपीवर अन्याय होतो ही समोरच्यांची मुख्य हरकत असणार, तिचं उत्तर तुमच्याच कागदावर आधी असू दे. भाग ब वर सही करणारा तज्ज्ञ कोण, यावर प्रश्न येणारच. कलम ६३(४) मध्ये नुसतं ‘तज्ज्ञ’ म्हटलंय, तर कलम ३९(२) माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९अ खालच्या परीक्षकाबद्दल बोलतं. दोन्ही कलमांच्या छापील प्रती फाइलला लावूनच उभे राहा.